आधी साक्षीची कळी

आमच्या गावच्या देवीचा कौल कसा वाचतात ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे मध्येच थांबावं लागणार नाही.

देवी म्हणजे कमरेएवढी उभी शिळा. शेंदूर चढून चढून तिला डोकं आणि दोन खांदे असल्यासारखा आकार आला आहे. गुरव तगरीच्या तीन कळ्या पाण्यात भिजवून शिळेला चिकटवतो. एक डोक्यावर, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. उजवं-डावं देवीचं धरायचं, आपलं नव्हे. मग तो गाऱ्हाणं घालतो, म्हणजे काय विचारायचं ते मोठ्यानं विचारतो, आणि सगळे गप्प बसून बघतात. पाणी सुकत जातं तशा कळ्या सुटतात. डोक्यावरची कळी साक्षीची. ती पडली म्हणजे देवी ऐकते आहे. त्यानंतर खांद्यावरची जी आधी पडेल ते उत्तर. उजवी म्हणजे होय, डावी म्हणजे नाही. साक्षीच्या आधी खांद्यावरची पडली तर ती मोजत नाहीत. तिन्ही उचलायच्या, धुवायच्या आणि पुन्हा लावायच्या.

हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. लहान पोरं नदीकाठी खेळताना धोंड्याला पाकळ्या लावतात आणि एखाद्यानं घाई केली तर दुसरी ओरडतात, “अरं, साक्ष वरच हाय!”

गाव कोंडाणे लेण्यांच्या वाटेवर, डोंगराच्या पायाशी. मी नोकरीला कर्जतच्या मालधक्क्यावर. आलेला माल आधी मोजायचा, मग तोलायचा, मग चिठ्ठी करायची, मग वाघिणीत, म्हणजे मालगाडीच्या डब्यात, भरायचा. हा क्रम एकदा चुकला की दिवसभर निस्तरत बसावं लागतं, म्हणून मी चुकू देत नसे. घरातही माझा तोच खाक्या. कुणाच्या लग्नात किती पत्रावळ्या, कुणी पाणी भरायचं, कुणी वाढायचं, हे सगळं लोक मलाच विचारत, आणि मला ते आवडत असे.

माझ्या पाठची बहीण तेव्हा विशीची असेल. तिचं लग्न होऊन चार पावसाळे झाले होते आणि त्यातला एकच तिनं नवऱ्याबरोबर काढला होता. तो एका मुकादमाच्या टोळीबरोबर घाटावर पुलाच्या कामाला गेला. तिथं महामारी आली आणि टोळी फुटली. जे परत आले त्यांच्यातला एक म्हणाला, मी त्याला पुरताना पाहिलं. दुसरा म्हणाला, छे, तो तर दुसऱ्या टोळीबरोबर पुढे गेला. दोघंही शपथ घ्यायला तयार होते. सासरच्यांनी वर्षभर वाट पाहिली, मग तिला आमच्याकडे आणून सोडलं. कुंकू लावायचं की पुसायचं हेही कुणी ठरवून दिलं नाही. ती लावत राहिली.

ती दुपारी माझी भाकरी घेऊन धक्क्यावर यायची. दिवाळीनंतर गवताचा हंगाम सुरू झाला की धक्क्यावर गाड्यांची रांग लागायची. मुंबईच्या तबेल्यांना आमच्याकडून गवत जायचं. त्या रांगेत कळंबचा एक शेतकरी असे. बायको बाळंतपणात गेलेली, पदरात एक लहान मूल. अंगानं आडवा, बोलायला सावकाश. त्याचा एक बैल धक्क्याजवळ आला की हटून बसायचा, आणि हा त्याच्यापुढे उभा राहून त्याला समजावायचा, “उठा की राव. सायब लोक बगतायत. काय म्हणतील, कळंबचे बैल आळशी!” माझी बहीण एकदा ते ऐकून एवढी हसली की डोक्यावरची टोपली सांभाळताना तिची तारांबळ उडाली. तेव्हापासून तो तिच्याकडे पाणी मागायला लागला. ती द्यायची. त्यापलीकडे मी काही पाहिलं नाही, आणि पाहण्यासारखं काही होतंही नाही.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकायला हवी होती. कळंबहून नेरळ जवळ. तिथंही स्टेशन आहे, तिथंही माल चढतो. हा मात्र गाड्या कर्जतला आणायचा. मी त्याला एकदा विचारलंसुद्धा.

“नेरळचा रस्ता खराब हाय,” तो म्हणाला.

“आणि कर्जतचा?”

“त्योबी खराबच हाय,” तो म्हणाला आणि बैलाकडे वळला.

माघात त्याचा चुलता आमच्याकडे आला. आमच्या लोकांत पाट लावतात. नवरा मेला किंवा परागंदा झाला तर बाई दुसरं घर करू शकते, त्यात कमीपणा नाही. जातीच्या पंचांना विचारलं. ते म्हणाले, इतकी वर्षं माणसाचा पत्ता नाही, आमची हरकत नाही. आई आमची तेव्हा हयात नव्हती. राहिला आमचा बा.

बा म्हणजे माझे वडील. कुठल्याही गोष्टीत ते एक पाऊल पुढे टाकत आणि मग त्या पावलाकडे बघत उभे राहत. “आनि उद्या तो परत आला तर?” ते म्हणत. पुन्हा थोड्या वेळानं, “नि नायच आला तर?” हे आठवडाभर चाललं. शेवटी म्हणाले, “देवीला विचारू. ती सांगंल तसं.”

मला बरं वाटलं. निदान निकाल लागेल. मी लगेच सगळं हातात घेतलं. दिवस ठरवला, नारळ-कापूर आणला, कुणी कुठे बसायचं ते सांगितलं. अडचण एकच होती. गुरवबाबा हिवतापानं अंथरुणाला खिळले होते. ते म्हणाले, “जरा थांबा रं. मी उठलो की लावतो.” पण चैत्र अर्धा सरला होता. पाऊस लागायच्या आत लग्नकार्य उरकायला हवं, आणि कळंबवाल्यांनाही ताटकळत ठेवायचं किती? गुरवबाबांचा भाचा हाताशी होता. मी म्हटलं, तो लावील.

हा भाचा दुष्काळाच्या साली बोरघाट उतरून आला होता. मागे दोन गाई, दोघींच्या बरगड्या मोजता येतील अशा. आमच्यापेक्षा थोडा लहान, हुशार, कामाला वाघ. गावातली पोरं त्याला ‘घाटी’ म्हणून चिडवायची आणि तो प्रत्येक वाक्याची सुरुवात “आमच्याकडं वर…” अशी करून आणखी चिडवून घ्यायचा. त्याच्या घराण्यातही गुरवपणच होतं. मामा आजारी पडल्यापासून दिवाबत्ती, पूजा, नैवेद्य तोच बघत होता आणि नीट बघत होता. कौल मात्र त्यानं आमच्या देवळात कधी लावला नव्हता. हे मला ठाऊक होतं. मी त्याला विचारलं, “जमेल ना?”

“त्यात काय अवघड हाय! आमच्याकडं वर रोज लावत्यात. मामानं समदं सांगितलंय. तीन कळ्या, एक डोस्क्याव, दोन खांद्याव.”

तीन कळ्या, एक डोक्यावर, दोन खांद्यांवर. माझ्या दृष्टीनं ते काम मार्गी लागलं.

कौलाच्या दिवशी मी सकाळची हजेरी लावून परतणार होतो. नेमकी त्या दिवशी एका मालगाडीची वाघीण रुळावरून उतरली आणि धक्क्यावरून कुणाला हलू देईनात. सुटलो तो जवळजवळ पळतच निघालो. देवळाच्या पायऱ्या चढलो तेव्हा मंडपातली माणसं उठत होती. बा आणि त्यांचे भाऊ, आमचे काका, अगदी पुढे, शिळेसमोर. बायका मागे भिंतीशी. बहीण गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी, कारण जिच्यासाठी कौल तिला तिथं बसवतात. तिन्ही कळ्या खाली पडलेल्या होत्या. एक डावीकडे, एक मधे पायाशी, एक उजवीकडे.

“काय झालं?” मी विचारलं.

“डावा,” काका म्हणाले.

“डावा बगा, सरळ डावा,” भाचा म्हणाला. तो घामाघूम झाला होता. “जरा येळ न्हाई लावला देवीनं.”

बा जागचे उठले नव्हते. ते कळ्यांकडे बघत होते.

मला वाईट वाटलं, पण काम झालं होतं. मी नारळ कुणाकुणाला किती द्यायचा ते सांगितलं, ताट उचलायला लावलं. कळंबची एक गाडी संध्याकाळी परत जाणार होती, तिच्या गाडीवानाबरोबर निरोप पाठवला: डावा आला, राग मानू नये. त्याच संध्याकाळी. माझ्या हातून कामं तुंबत नाहीत.

पडलेल्या कळ्या पाहून क्रम कळत नाही. नुसत्या जागा कळतात. हे मी आज लिहितो आहे. त्या दिवशी मला ते सुचलंही नाही.

वैशाख संपता संपता गुरवबाबा काठी टेकत आमच्या अंगणात आले. हिवतापानं माणूस अर्धा झाला होता, आवाज मात्र होता तेवढाच. मागे भाचा खाली मान घालून.

“यानं मला काल सांगितलं,” गुरवबाबा म्हणाले. “मी म्हटलं, कौल कसा पडला ते सांग. तर म्हणतो, पटकन पडला. पटकन म्हंजे काय? आता तुमी सांगा. डावी पडली तवा साक्ष कुठं होती?”

बा खाटेवर बसले होते. काका उखळाला टेकून. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं.

“साक्ष…” काका म्हणाले, “साक्ष मागनं पडली.”

“कशाच्या मागनं?”

“डावीच्या.”

“नि उजवी?”

“ती सगळ्यात शेवटी.”

गुरवबाबांनी काठी जमिनीवर आपटली. “म्हंजे डावी, मग साक्ष, मग उजवी! हा कौल हाय? हे तर काय नायच! देवीनं कान दिला नव्हता तवर हा बोंबलला डावा म्हणून.” मग भाच्याकडे वळून, “तुला मी काय सांगितलं होतं?”

“मामा, तुमी तीन कळ्या म्हनलासा. डोस्क्यावरची साक्षीची हे न्हाई म्हनलासा. आमच्याकडं वर दोनच लावत्यात. पयली पडंल त्येच उत्तर. मला वाटलं, डोस्क्यावरची नुसती वाहायची, शोभंला.”

“शोभंला! देवी काय नवरी हाय, डोक्यात फूल घालून बसायला?”

दुसऱ्या कुठल्याही दिवशी यावर अंगण हसलं असतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. मी बांना विचारलं, “तुम्ही पुढेच होता. तुम्हाला दिसलं नाही?”

“दिसलं की.”

“मग?”

“मला वाटलं, गुरवाच्या घरचा पोरगा हाय, त्याला ठावं असंल काय ते.” बा हळू म्हणाले. “नि तुझा काका होता शेजारी. चूक असती तर तो बोलला असता.”

“मी कशाला बोलू?” काका उसळले. “पोरगी तुझी! बाप गप्प तर मी मधे तोंड घालू? उद्या म्हणाल, काकानं कौल फिरवला.”

हे असं झालं होतं. ज्या गावात खेळणारी पोरं साक्षीसाठी भांडतात, त्या गावात दोन म्हातारे पाय दुमडून बसले, साक्ष वर असताना डावी पडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि प्रत्येकानं दुसऱ्याचं तोंड उघडायची वाट पाहिली. वरून आलेला एकटा भाचाच त्या मंडपात असा होता ज्याला आपण चुकतोय हे खरोखर माहीत नव्हतं.

“कळंबला कुणालातरी पाठवा,” गुरवबाबा म्हणाले. “मी उद्या परत लावतो. माझ्या हातानं.”

कुणाला कशाला, मीच निघालो. दुसऱ्या दिवशी पहाटे. वाटेत मनाशी जुळणी करत होतो: आधी त्याच्या चुलत्याला भेटायचं, मग चुकीचं सांगायचं, मग नवा दिवस. कळंबला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. त्याचं घर विचारून शोधलं. अंगणात मांडवाच्या मेढी तशाच उभ्या होत्या. वरचे आंब्याचे टहाळे वाळून तांबडे झाले होते.

मी मेढीला हात लावून उभा राहिलो. तो गोठ्यातून बाहेर आला. मला बघून थांबला, मग म्हणाला, “या. बसा. ताक घ्या.”

आतून एक नवी सून ताकाचा तांब्या ठेवून गेली. मूल तिच्या लुगड्याला धरून तिच्या मागे मागे. ते मूल आता तिच्याकडे रुळायला लागलं होतं, हे मला दिसत होतं आणि मला ते दिसायला नको होतं.

मी त्याला सगळं सांगितलं. साक्ष, डावी, उजवी, भाचा. आता सांगून काय उपयोग, पण इतक्या लांब येऊन ताक पिऊन परत जाणं मला जमेना. तो ऐकत होता.

“दादा,” शेवटी तो म्हणाला, “तुमचा निरोप आला, डावा. आमची वैनी म्हणाली, आता पोराला किती दिवस मी बघू. दुसरं स्थळ आलं, मी हो म्हटलं.” मग आतल्या दाराकडे मान करून, “तिचा यात काय दोष नाय.” आत गेलेल्या बाईबद्दल म्हणत होता.

“नाही, नाही. तिचा कसला दोष.”

“नि ती काय म्हणाली?”

“कोण?”

“तुमची भैन. डावा आला तवा ती काय म्हणाली?”

मी विचार केला. मला आठवत होतं ती उंबऱ्यापाशी बसली होती. पुढे ताट तिनंच उचललं होतं. ती काय म्हणाली ते मला आठवेना, कारण ती काहीच म्हणाली नव्हती. आणि आम्हीही काही विचारलं नव्हतं. डावा आल्यावर नाही, आणि त्याच्या आधीही नाही. पंचांना विचारलं होतं, देवीला विचारलं होतं. तिला विचारायचं आमच्या क्रमात कुठे नव्हतंच.

“काही म्हणाली नाही,” मी सांगितलं.

त्यानं मान हलवली. मला वेशीपर्यंत पोचवायला आला. तो हटून बसणारा बैल वाटेत चिंचेखाली बांधला होता. त्याच्याजवळून जाताना त्यानं त्याच्या पाठीवर हात फिरवला. काही बोलला नाही. पुढच्या हंगामापासून त्याचं गवत नेरळला जायला लागलं.

घरी आलो तेव्हा बहीण अंगणात भांडी घासत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, त्याचं लग्न झालं. तिचा राखेचा हात थांबला नाही.

“पोराला आई मिळाली,” ती म्हणाली. “बरं झालं.”

बा संध्याकाळी गुरवबाबांकडे जाऊन म्हणाले, तरीपण एकदा लावून बघा. गुरवबाबा म्हणाले, “काय विचारू आता? गाऱ्हाणं कशाचं घालू?” बा तसेच परत आले. त्यानंतर ते घरात कुठलीच गोष्ट ठरवेनासे झाले. भाताचं बी कधी पेरायचं तेसुद्धा मला विचारत. लोक म्हणत, म्हातारा किती सुखी, सगळं मुलावर सोपवलंय.

बहिणीचा नवरा परत आला नाही आणि त्याची बातमीही आली नाही. तिच्यासाठी पुन्हा कुणी विचारलं नाही असं नव्हे. दोन स्थळं आली. दोन्ही वेळा तिनं चुलीपाशी बसूनच सांगितलं, “मला नको.” आता मी तिला विचारत होतो, आणि आता ती नको म्हणत होती. ती आमच्याच घरी राहिली. माझं लग्न, माझी मुलं, बांचं आजारपण, काकांचं जाणं, सगळ्यात होती. नाचणीच्या वाफ्यात तिच्यासारखा हात गावात कुणाचा नाही. कुंकू लावते अजून. ते कुणाच्या नावाचं, हे विचारायची आता कुणाची छाती होत नाही.

गुरवबाबा वारले आणि देऊळ भाच्याकडे आलं. तोही आता पिकला. ‘घाटी’ म्हणणारी पोरं स्वतः आजोबा झाली. त्यानं इथल्या मुलीशी लग्न केलं, बोलणंही बरंचसं इथलं झालं. पण एक गोष्ट गावानं पाहून पाहून सवयीची करून घेतली आहे. कुणाही बाईबद्दलचा कौल असला की माझी बहीण देवळात जाते. बोलावलं तरी जाते, नाही बोलावलं तरी जाते. उंबऱ्याच्या अलीकडे बसते. आणि कळी पडली की गुरव शिळेकडे बघायच्या आधी तिच्याकडे बघतो. ती मोठ्यानं सांगते, “साक्ष पडली,” किंवा “साक्ष वर हाय, थांबा.” मगच तो पुढचं बोलतो. सुरुवातीला काही पुरुषांनी कपाळाला आठ्या घातल्या. गुरव त्यांना म्हणाला, “तिला बोलू द्या. मला लागतं ते.”

मागच्या फाल्गुनात माझ्या धाकट्या मुलीला खालापूरकडचं स्थळ आलं. माणसं चांगली, जमीन ओलिताखालची. मी होकार द्यायच्या बेतात होतो. बायको म्हणाली, कौल लावू या. मी नेहमीप्रमाणे तयारीला लागलो. देवळात निघायची वेळ झाली, सगळे अंगणात जमले, आणि मुलगीच दिसेना. बघतो तर बहीण तिला घेऊन गोठ्यामागे उभी. दोघींचं काहीतरी चाललं होतं. मी हाक मारली, “अगं, चला, उशीर होतोय.”

“होऊ दे,” बहीण तिथूनच म्हणाली.

बऱ्याच वेळानं दोघी आल्या. मुलीचा चेहरा लाल झाला होता, पण रडलेला नव्हता. बहीण पदरानं हात पुसत मला म्हणाली, “तिला पसंत हाय. आता चला.”

देवळात ती उंबऱ्याजवळ मुलीच्या मागे बसली, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून. गुरवानं कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. मी या खेपेला पुढे बसलो होतो, शिळेपासून हातभरावर. ती कळी डोक्यावरून कधी सुटते हे बघताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, इतकं मी टक लावून बघत होतो. साक्ष आधी पडली. मागून आवाज आला, “साक्ष पडली.” मग उजवी. मंडपात सगळे एकदम बोलायला लागले.

परतताना माणसं पुढे निघून गेली. आम्ही दोघं मागे राहिलो, कारण माझे गुडघे आता पायऱ्या उतरताना कुरकुरतात. मी तिला विचारलं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

“तुझ्या कौलाच्या वेळी तू उंबऱ्यापाशीच होतीस. तुला दिसलं होतं?”

“कुणाला दिसलं नव्हतं? डावी पडली तवा साक्ष जागची हलली नव्हती.”

“मग बोलली का नाहीस गं?”

ती पायरीवर थांबली. मला वाटलं, ती म्हणेल, बाईमाणसानं मंडपात कसं बोलायचं. ते मी मनात तयार ठेवलं होतं.

“बा पुढं होता, काका पुढं होता,” ती म्हणाली. “दोघांनी बगितलं. मी त्यांच्या मानांकडं बगत होते. दोघांच्या माना हलल्या, मग परत सरळ झाल्या. मला वाटलं, माझ्याच माणसांना हे नको हाय. म्हणून गप हायत. मग मी कुणासाठी बोलू?”

“त्यांना नको होतं असं नव्हतं. ते नुसते…”

“ते मला मागनं कळलं, दादा. गुरवबाबा आले तवा. मी भिंतीआड होते.” ती पुन्हा उतरायला लागली. एक पायरी उतरून म्हणाली, “नि तवाबी एक आशा होती. तू पळत आलास. दम लागला होता तुला. मी म्हटलं, दादा हिशेबाचा माणूस हाय, दादा विचारंल, आधी काय पडलं. मी उत्तर तयारच ठेवलं होतं तोंडात.”

मी वरच्याच पायरीवर उभा राहिलो.

“तू सांगत बसलास, नारळ कुणाकुणाला द्यायचा,” ती म्हणाली.

खालून मुलगी हाका मारत होती. बहिणीनं “आले गं” म्हणून ओ दिली आणि मला हात धरायला दिला, कारण पुढची पायरी तुटकी आहे. ती तेव्हापासूनच तुटकी आहे.